कै. हिराजी गायकर यांजकडून

आमच्या चौक गावच्या बाजारात ग्रामपंचायतीचं सार्वजनिक शौचालय आहे. त्यातल्या पुरुषांच्या बाजूला, अगदी शेवटच्या संडासात, झाकणाचा एक निळा डबा ठेवलाय. डब्याच्या वर भिंतीवर पत्र्याची पाटी आहे : 'कै. हिराजी गायकर यांजकडून'. आज ही पाटी खरी आहे. पण ती लावली त्या दिवशी हिरुभाऊ गायकर माझ्या दुकानाच्या पायरीवर बसून भेळ खात होते. वर कांदा कमी पडला म्हणून भेळवाल्याशी भांडतही होते.

मेलेला माणूस डबा कुठून आणून देणार, एवढा साधा विचार त्या पेंटरच्या डोक्यात आला नाही. येणार कसा? त्याचा हातच 'कै.' पासून सुरू व्हायचा. त्याचं पुढे येईलच.

माझं जुन्या हायवेला लागून औषधांचं दुकान आहे. हिरुभाऊ मला 'डाक्टर' म्हणायचे. मी डॉक्टर नाही, हे सांगून सांगून माझी जीभ झिजली. "डाक्टर नुसता लिहितो. गोळी तुमी देता. मग मोठा कोण?" असं म्हणून ते काउंटरवरची बडीशेप उचलायचे. ती मी गिऱ्हाइकांसाठी ठेवत नव्हतो, माझ्यासाठी ठेवत होतो. पण ते त्यांना कधी पटलं नाही.

हिरुभाऊंची नोकरी खोपोलीला, एका कारखान्यात. पण त्या नोकरीची ओळख त्यांना कुणी दिली नाही. ओळख होती आवाजाची. भात कापून शेतं मोकळी झाली की आमच्याकडे गावोगाव टेनिस बॉलचे क्रिकेट सामने सुरू होतात. मांडव पडतो, स्पीकर लागतात, आणि समालोचनाला माणूस बोलावतात. खालापूरपासून कर्जतपर्यंत तो माणूस म्हणजे हिरुभाऊ. अंगानं काडीपहिलवान, पण माईक हातात आला की डोंगरापलीकडून आवाज परत यायचा.

"मंडळी, चेंडू हवेत हाय! घाबरू नका, वर गेलेला खाली येणारच!" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पोरं ते त्यांच्या आधीच ओरडायची. पण माणूस नुसत्या चेंडूवर थांबायचा नाही. मैदानात जे दिसेल ते सांगायचा. "गोविंदाची म्हैस मिड-ऑफला आली हाय. म्हशीला नियम लागू नायत, तिला जाऊ द्या." "थर्ड मॅनचा खेळाडू फोनवर बोलतोय. ताई, तुमी कोण असाल त्या, त्याला दोन षटकं सोडा." कुत्रं मैदानात शिरलं तर विचारूच नका. त्याची धाव, त्याचं वळण, त्याचा स्ट्राइक रेट, सगळं निघायचं. लोक म्हणायचे, मॅच बरी होती, पण कुत्रं फार छान खेळलं.

एकदा दोन सख्खे भाऊ एकाच सामन्यात समोरासमोरच्या संघांत होते. बांधावरून वाद झालेला, बोलणं बंद. हिरुभाऊंनी मधल्या वेळेत माईकवरून सांगितलं, "दोघांची आई दोन ताटं वाढून बसली हाय. एकटा गेला तर ती वाढणार नाय. एकदम जावं." सगळं मैदान त्या दोघांकडे बघायला लागलं. गेले बिचारे, एकाच मोटारसायकलवर. मी नंतर म्हटलं, "हिरुभाऊ, लोकांच्या घरातलं असं चव्हाट्यावर आणतात होय?" तर म्हणाले, "डाक्टर, सांगितल्याबिगर स्कोअर कळत नाय."

हे वाक्य ते जिथे तिथे ठोकायचे. दुखतंय तर सांगा, आवडतंय तर सांगा, कर्ज झालंय तर सांगा. दुसऱ्याला सांगायला सोपं असतं हो. ते स्वतःवर आलं तेव्हा काय झालं ते सांगतो.

निवृत्तीनंतर त्यांना लघवी अडायला लागली. पनवेलला जाऊन प्रोस्टेटचं ऑपरेशन केलं. आधी येत नव्हती, आता थांबेना. खोकला आला तरी गळायची, हसलं तरी गळायची. आणि हा माणूस दिवसभर हसणारा.

आता माझ्या दुकानातली एक गोष्ट सांगतो. मोठ्यांचे डायपर घ्यायला पुरुष येतात, पण स्वतःसाठी एकही घेत नाही. सगळे आईसाठी घेतात. "आईला लागतात", "आई अंथरुणावर आहे". माझ्या गल्ल्यावर बसून ऐकलं तर चौक गावातल्या समस्त आया अंथरुणाला खिळल्यात असं वाटावं. आणि त्याच आया समोर बाजारात वांगी दाबून दाबून घेत असतात. मी काही बोलत नाही. पाकीट काळ्या पिशवीत घालतो, पिशवीला गाठ मारतो, आणि 'आईला जपा' म्हणतो.

एका दुपारी हिरुभाऊ आले. पायरीवर बसले नाहीत, बडीशेप घेतली नाही. दुकान रिकामं होईस्तोवर कफ सिरपच्या बाटल्या वाचत उभे राहिले. मग हळूच म्हणाले, "डाक्टर, ते हे पायजे होतं. आईसाठी. मोठं."

त्यांच्या आईच्या तेराव्याला मी जेवून आलो होतो. दोन लाडू खाल्लेले मला आठवत होते.

मी विचारलं, "कंबर किती?"

त्यांचा हात नकळत स्वतःच्या पट्ट्याकडे गेला. मग लक्षात आलं तसा तो त्यांनी काढून घेतला आणि रस्त्याकडे बघायला लागले. मी मापाचं पाकीट काढलं, काळ्या पिशवीत घातलं. 'आईला जपा' मात्र माझ्या तोंडून निघालं नाही. गाठ तेवढी दोनदा मारली.

त्या मोसमात ते तरीही सामन्यांना गेले. दिवसभर माईकवर बसायचं म्हणजे मध्ये एकदा तरी बदलायला लागायचं. संडास मिळायचा, शाळेचा नाही तर पंचायतीचा. बदलायचंही जमायचं. पण बदललेलं टाकायचं कुठे? पुरुषांच्या संडासात बादली असते, टमरेल असतं, डबा नसतो. भांड्यात टाकलं तर तुंबणार. खिडकीतून भिरकावणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. मग ते पिशवीत गुंडाळायचं, गाठी मारायच्या, खांद्याच्या झोळीत ठेवायचं आणि संध्याकाळी घरी न्यायचं. झोळी समालोचकाच्या टेबलाखाली, पायाशी.

खालापूरजवळच्या एका गावात सामने होते. माझा भाचा खेळत होता म्हणून मीही गेलो होतो. दुसरा डाव ऐन रंगात आला, आणि समालोचकाच्या टेबलाखालून एक कुत्रं सुटलं. तोंडात पांढरी पिशवी. थेट खेळपट्टीवर.

सगळ्या मैदानानं आनंदानं आरोळी ठोकली. लोकांनी कुत्र्याकडे नाही, स्पीकरकडे कान लावले. आता हिरुभाऊ काय सोडतात बघा!

स्पीकर गप्प.

यष्टिरक्षक स्टंप घेऊन कुत्र्यामागे धावला. कुत्र्यानं पिशवी झटकली, ती फाटली आणि आतलं सगळं हिरव्या मॅटवर पडलं. कुणी तरी ओरडलं, "अरे, कुणाच्या पोराचं हाय ते?" दुसरा म्हणाला, "पोराचं एवढं मोठं?" मग जो हशा झाला तो झाला. मी स्टेजकडे बघितलं. हिरुभाऊंनी माईक तोंडाशी धरलेला होता, बटण चालू होतं, आणि साऱ्या मैदानभर त्यांचा श्वास तेवढा ऐकू येत होता. आत, बाहेर. आत, बाहेर. मग माईक टेबलावर ठेवल्याचा 'टक्' असा आवाज आला. झोळी तिथेच टाकून ते मागच्या मागे स्कूटरवरून निघून गेले. ज्यांना कळायचं त्यांना कळलं. मला तर त्या कुत्र्याला नाही, हसणाऱ्या माणसांना स्टंपानं बडवावंसं वाटलं.

त्यानंतर हिरुभाऊ दिसेनासे झाले. दुकानात लीलावहिनी यायला लागल्या. "पाटी-पेन्सिल घेऊन बसवलेल्या पोरावानी कोपऱ्यात बसतात," म्हणाल्या. "ओटीवर येत नायत. भाच्याच्या लग्नाला गेले नायत. माईक घरात आणून दिला तरी बोलायचे नायत हे." शेवटी एक दिवस पाकीट पोचवायच्या निमित्तानं मीच त्यांच्याकडे गेलो.

हिरुभाऊ भिंतीकडे तोंड करून बसले होते. वहिनी चहा टाकता टाकता आतून बोलत होत्या. माझ्यासमोर त्यांनी विषय काढला, त्याचं मला आश्चर्य वाटलं. कदाचित मुद्दामच काढला असेल.

"अवो, पण तुमी ते पिशवीत ठेवलंतच कशाला? डब्यात टाकायचं ना."

"कुठल्या डब्यात?"

"संडासातल्या."

"संडासात डबा नसतो."

"नसतो कसा? आमच्या बाजूला असतो. बाजारात हाय, ढाब्यावर हाय, लग्नाच्या हॉलमधी हाय. महिला मंडळानं भांडून ठेवून घेतलाय."

"आमच्यात नाय."

वहिनी चहाचं भांडं तसंच हातात घेऊन दारात आल्या आणि माझ्याकडे बघायला लागल्या. "खरंच नाय, भाऊजी?"

"नाही, वहिनी."

जन्मभर जोडीनं हिंडलेली नवरा-बायको ही. एकाच शौचालयाच्या दोन दारांनी कितीदा आत गेली असतील. पण मधल्या भिंतीपलीकडे काय आहे, ते ना यांना ठाऊक, ना त्यांना.

"मग तुमच्यातल्या ज्या लोकांना लागतं," वहिनींनी विचारलं, "ती काय करतात?"

हिरुभाऊ भिंतीकडेच बघत म्हणाले, "घरात बसतात."

वहिनींच्या हातातल्या भांड्यातच चहा निवून गेला.

प्रजासत्ताक दिनाच्या ग्रामसभेला हिरुभाऊ आले. इस्त्रीचा सदरा, डोक्यावर टोपी, आणि मागे लीलावहिनी, पोलिसानं कैदी आणावा तशा. पाण्याचं झालं, गटाराचं झालं, मग यांनी हात वर केला. माईक हातात घेतला, सवयीनं दोन टिचक्या मारल्या.

"हॅलो, हॅलो. मंडळी, त्या दिवशी कुत्र्यानं पळवलं ते माझं होतं."

सगळ्यांच्या माना त्यांच्याकडे वळल्या.

"ऑपरेशन झाल्यापासून मला लघवी थांबत नाय. मला लाज वाटते. लई वाटते. आईच्या नावानं डायपर आणले मी, गेलेल्या आईच्या. पण सांगितल्याबिगर स्कोअर कळत नाय, म्हून सांगतो. बायकांच्या बाजूला झाकणाचा डबा हाय, आमच्या बाजूला नाय. मला तो पायजे. मला बाहेर पडायचंय."

मागून कुणी तरी फिस्सकन हसलं.

"हस रं बाबा," हिरुभाऊ म्हणाले, "चांगलं पोटभर हस. आज तुझी थांबते हाय तवर हसून घे."

यावर मात्र सगळे हसले, हसणाराही हसला. पण मांडवाच्या कडेला बसलेली म्हातारी माणसं हसली नाहीत. ती आपापल्या चपलांकडे बघत होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. 'आईसाठी' नेणारी माझी निम्मी गिऱ्हाइकं त्या ओळीत बसली होती.

सरपंचबाई चांगल्या होत्या. म्हणाल्या, "डबा ठेवू या. दाता बघा." आमच्याकडची रीतच आहे ती. गावातली वस्तू कुणाच्या तरी नावानं येते. थांब्यावरचं बाकडं, देवळातला पंखा, शाळेतलं घड्याळ, स्मशानातली शेड, सगळ्यांवर 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ'. आमच्या गावात फिरलं तर जिवंतांपेक्षा गेलेल्यांचीच जास्त गाठ पडते. पण या डब्याला नाव द्यायला एकही पुढे येईना. "बापाचं नाव संडासात लावू?" असं म्हणून लोक अंगावर यायचे. हिरुभाऊ माझ्या पायरीवर बसून करवादायचे, "जळायच्या जागेला नाव चालतं, मुतायच्या जागेला नाय! माणूस रोज कुठं जातो रं?" आता पायरीवर बसायला लागले होते, बडीशेपही पुन्हा संपायला लागली होती. मी कुरकुरलो नाही. म्हणजे, फार कुरकुरलो नाही.

शेवटी त्यांनी स्वतःचंच नाव दिलं. शिळफाट्याच्या पेंटरला फोनवर सांगितलं, 'हिराजी गायकर यांजकडून' एवढंच लिही. त्या पेंटरनं आयुष्यभर बाकड्यांवर आणि पंख्यांवर नावं काढलेली. वस्तू भेट दिलीय म्हणजे माणूस गेला, हा त्याचा हिशेब. त्यानं बिनदिक्कत पुढे 'कै.' काढलं, वर लाल रंगानं दोन फुलंही काढली.

पाटी लावायच्या आधी घरी आली. लीलावहिनींनी ती बघितली मात्र, त्यांचा संताप संताप झाला. "माझ्या कपाळावर कुंकू हाय अजून! हे काय लिहिलं मेल्यानं? आत्ताच्या आत्ता खरवडा ते!" त्यांचं चुकलं म्हणवत नाही. हिरुभाऊंनी पाटीकडे मान तिरकी करून बघितलं आणि म्हणाले, "राहू दे गं. चेंडू हवेत हाय. आज ना उद्या पाटी बरोबर होईलच." वहिनी त्यांच्याशी बरेच दिवस बोलल्या नाहीत. स्वयंपाक करायच्या, पण ताट आपटून ठेवायच्या. त्यातच कर्जतच्या एका समालोचकानं ती पाटी बघितली आणि रडवेल्या आवाजात घरी सांत्वनाचा फोन केला. उचलला हिरुभाऊंनीच. "बोला, बोला," म्हणाले, "वरून पण समालोचन चालू हाय. पिच चांगली हाय, पण प्रेक्षक कमी."

डबा ठेवला म्हणजे झालं, असंही नव्हतं. आठवडा गेला नाही तोच तो गुटख्याच्या पुड्यांनी भरला, आणि वरून पिचकाऱ्या. पंचायतीची सफाई कामगार शेवंता, ती तडक हिरुभाऊंच्या दारात येऊन उभी राहिली. "भाऊ, ज्यासाठी ठेवलाय ते उचलीन मी. बायकांच्यातलं उचलते, तसं. पण गुंडाळलेलं पायजे, मला हातमोजे पायजेत, आणि कुणाची थुंकी मी उचलणार नाय." हिरुभाऊंनी पंचायतीच्या पायऱ्या झिजवून हातमोजे मिळवले. माझ्या दुकानातली रद्दी नेऊन त्यांनी डब्याशेजारी खिळ्याला अडकवली. आणि पुढच्याच सामन्यात, चौकार गेला त्या गोंधळात, माईकवरून सुरू झाले : "मंडळी, बाजारातल्या शेवटच्या संडासात निळा डबा हाय. तो थुंकायला नाय. तो माझ्यासारख्यांसाठी हाय. कागदात गुंडाळायचं, आत टाकायचं, झाकण लावायचं. आपली शेवंताताई ते हातानं उचलते, ध्यानात ठेवा. चला, पुढचा चेंडू!" हे ते प्रत्येक सामन्यात सांगायचे, ज्या गावात डबा नव्हता तिथेही सांगायचे. मग त्या गावचे लोक विचारायचे, आमच्याकडे का नाही? हे त्यांना बरोबर हवं असायचं.

एक दिवस हायवेवरच्या गॅरेजचा मालक दुकानात आला. या एवढ्या मिशा, ट्रकचा टायर एकट्यानं उचलणारा माणूस. काउंटरवर हात ठेवून म्हणाला, "डायपर द्या. माझ्यासाठी." मी काळी पिशवी काढली तर म्हणाला, "नको, तसंच द्या." पायरी उतरला, रस्त्यावरची गर्दी बघितली आणि परत येऊन म्हणाला, "द्या पिशवी." मी दिली. एकदम सगळंच कसं जमेल?

गेल्या पावसाळ्यात हिरुभाऊ झोपेतच गेले. हृदयविकार. दिवसकार्य झाल्यावर वहिनी मला घेऊन बाजारात आल्या. पुरुषांच्या दाराबाहेर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, आत जाऊन बघा, पाटी नीट हाय ना." मी आत जाऊन ती रुमालानं पुसली. बाहेर येऊन सांगितलं, नीट आहे. वहिनींनी मान हलवली. मग पदर तोंडाला लावून तिथेच, भर बाजारात, रडल्या.

मला मात्र हिरुभाऊ आठवतात ते त्याच्या आधीच्या हिवाळ्यातले. बाजारामागच्या शेतात अंतिम सामना होता. शेवटची काही षटकं उरली होती, एक चेंडू इकडचा तिकडे झाला तर कप जाईल अशी अवस्था. आणि हिरुभाऊ माईकवर शांतपणे म्हणाले, "मंडळी, समालोचकाला डब्याकडं जाऊन यायचंय. अंपायर, जरा थांबवा."

अंपायरनं हात वर केला. हिरुभाऊ झोळी खांद्याला अडकवून स्टेजवरून उतरले आणि मैदानाच्या कडेनं शौचालयाकडे चालायला लागले. ते निम्म्यात पोचले असतील, तोच मांडवातल्या खुर्च्यांमधून एक काठीवाले आजोबा उठले. "हिरु, थांब रं, मी पण येतो." मग आणखी एक उठले. मग ते गॅरेजवाले, मिशा चाचपत. अशी चार-पाच डोकी एकामागोमाग बांधावरून चालली, पुढे हिरुभाऊ.

माईक टेबलावर पडून होता. त्याला कुणी हात लावला नाही. गोलंदाज चेंडू मांडीवर घेऊन खाली बसला. एक कुत्रं मैदानात येऊन खेळपट्टी हुंगून गेलं. कुणी हसलं नाही, कुणी घाई केली नाही. सगळं मैदान त्या म्हाताऱ्यांची वाट बघत थांबलं होतं.

मंडळी परत आली, खुर्च्यांवर बसली. हिरुभाऊ स्टेजवर चढले, झोळी टेबलाखाली ठेवली, माईकला दोन टिचक्या मारल्या.

"हां मंडळी," म्हणाले, "कुठं होतो आपण?"